बेळगावहून मुंबई: म्युझियमवेड्या जोडप्यासाठी एका आठवड्याचा बेत

आमच्या गल्लीत बातमी फुटली तेव्हा समोरच्या काकू कट्ट्यावरूनच म्हणाल्या, "आठ दिवस मुंबई, आणि तेबी नुसती म्युझियमं बघायला? खूळ लागलंय काय ओ?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. आपल्याकडून मुंबईला जायचं ते लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर कुणाला विमानतळावर पोचवायला. त्यातून वेळ उरलाच तर राणीची बाग आणि गेटवे.

आम्हा दोघांना मात्र जुन्या वस्तूंचा नाद आहे. ह्यांना नाणी आणि हत्यारं, मला मूर्ती आणि जुन्या घरांतली भांडीकुंडी. तरी पहिल्या खेपेला आम्हीही चार दिवसांत नऊ ठिकाणं उरकली. घरी आलो तर फोनमध्ये सहाशे फोटो, आणि कुठला फोटो कुठल्या इमारतीतला यावरून जेवताना भांडण. त्यानंतर ठरवलं की एका दिवसात एकच मोठं संग्रहालय, आणि जे सगळ्यात आवडेल तिथं पुन्हा एकदा जायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून पहिल्यांदाच असा बेत करणाऱ्यांसाठी पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी घरची तालीम

तिकीट काढण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी आपल्या किल्ल्यात जा. तिथली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने इ.स. १२०४ मध्ये बांधली. आपण शाळेच्या सहलीत गेलेलो असतो, त्यामुळे 'बघितलंय की' म्हणून सोडून देतो. या वेळी एक करा. मंडपात छतातल्या कमळाखाली उभे राहा, फोन पिशवीत ठेवा आणि वीस मिनिटं हलू नका. एकमेकांशी बोलायचं नाही. बाहेर आल्यावर दोघांनी काय काय दिसलं ते सांगायचं.

आमच्यात काय झालं ते सांगते. मी कमळाच्या पाकळ्यांचे थर मोजत होते आणि लोंबणाऱ्या टोकापाशी पोचल्यावर मोजणी चुकत होती. ह्यांनी छताकडे धड पाहिलंच नव्हतं. ते खांबांवरची झिलई आणि त्यांची गोल कातीव वळणं निरखत बसले होते. पंधराव्या मिनिटाला मात्र दोघांची चुळबुळ सुरू झाली. या तालमीचा उपयोग इतकाच की कोण किती वेळ उभं राहू शकतं आणि कुणाचं लक्ष कुठं जातं, हे मुंबईला जायच्या आधीच कळतं. जोडप्यांची म्युझियममधली निम्मी भांडणं 'चल की आता' आणि 'थांब जरा' यांचीच असतात.

दुसरी तालीम टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी, वीरसौध या स्मारकात. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि गांधीजी अध्यक्ष होते. ते काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले ते या एकाच अधिवेशनात. इथले फोटो नीट बघून ठेवा, मुंबईत रविवारी त्यांची गरज पडेल. सवड असेल तर कित्तूरच्या किल्ल्यातलं संग्रहालयही करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

निघायचा वार

बहुतेक लोक सुट्टी बघून निघतात. म्युझियमवाल्यांनी आठवडी सुट्टी बघून निघावं. आम्ही एकदा दीड तास उन्हात प्रवास करून एका संग्रहालयाच्या बंद फाटकासमोर उभे राहिलो होतो. दोष पूर्ण आमचा, वार बघितलाच नव्हता. भुईमुगाच्या शेंगा खाऊन परत आलो.

तर मुख्य गणित असं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, शेजारची राणीची बागही बुधवारीच. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र काही राष्ट्रीय सुट्ट्या सोडल्या तर आठवडाभर उघडं असतं. म्हणून सोमवारी संध्याकाळी बेळगाव सोडायचं, मंगळवारी सकाळी मुंबईत उतरायचं आणि पुढच्या सोमवारी रात्री परतीची गाडी पकडायची. बुधवार आणि दुसरा सोमवार, या दोन अडचणीच्या दिवसांत वस्तुसंग्रहालय बसवायचं. कागदावर सात चौकोन आखून एकदा हे मांडलं की बाकीचा बेत आपोआप जागेवर येतो.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. आपल्या हवेची सवय झालेल्या माणसाला मुंबईचा मे झेपत नाही, आणि पावसाळ्यात घारापुरीच्या लाँचचा भरवसा नसतो. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा भागात कलामहोत्सव असतो. ज्यांना गर्दी आवडते त्यांनी तेव्हा जावं.

गाडी आणि मुक्काम

हुबळीहून दादरला जाणारी गाडी संध्याकाळी बेळगाव सोडते आणि सकाळी दादरला पोचवते. खानापूरकरांनाही तीच सोयीची. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. निपाणीला रेल्वे नाही, तेव्हा तिकडच्यांनी रात्रीची स्लीपर बस धरावी. महामार्ग दारातूनच जातो. बेळगावहून रस्त्याने अंतर साधारण पाचशे किलोमीटर आहे. सांबऱ्याहून विमानही असतं, पण त्याचं वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून बेत विमानावर टांगू नका.

मुक्कामाबद्दल माझं मत ठाम आहे. नातेवाइकांकडे उतरू नका. पहिल्या खेपेला आम्ही डोंबिवलीला आत्याकडे होतो. आत्याचा पाहुणचार उत्तम, पण रोजचे तीन तास लोकलमध्ये गेले, आणि संध्याकाळी पाय गळून आल्यावर 'आज काय काय बघितलंत' हे सगळ्यांना सांगत बसायचं. आत्याला एका रविवारी दुपारी जेवायला भेटा. ती जास्त खूश होते. खोली घ्यायची ती फोर्टात, सीएसएमटीच्या आसपास किंवा गिरगावात. थोडी लहान असेल, थोडी महाग पडेल. पण दुपारी खोलीवर येऊन तासभर आडवं होता आलं तर संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायची ताकद येते. या वयात हे सुख पैशापेक्षा मोठं.

सामानात तीन गोष्टी विसरू नका. रुळलेल्या चपला किंवा बूट, कारण फरशीवर सावकाश चालणं हे रस्त्यावर भरभर चालण्यापेक्षा पायांना जड जातं. जवळचा चष्मा, कारण पाट्यांची अक्षरं बारीक असतात. आणि आधारकार्ड. गाडीतल्या जेवणाला धपाटे, शेंगाचटणी, दही. कुंदा न्यायचाच असेल तर आत्यासाठी. खोलीत ठेवलात तर दुसऱ्या दिवशी डब्यात चमचा फिरलेला दिसेल.

मंगळवार

या दिवशी तिकीट काढून काहीही बघायचं नाही. रात्रभर गाडीत हललेलं डोकं मूर्तीसमोर टिकत नाही. दुपारपर्यंत झोपा, चारनंतर काळा घोड्याकडे फिरायला जा. भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक तिथून जवळ आहे. जहांगीर कलादालन १९५२ चं, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि बहुधा चित्रकार स्वतःच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारायला लाजू नका. चौकात बिनस्वाराचा काळा घोडा दिसेल. तो २०१७ मध्ये बसवलेला. ज्यावरून या भागाला नाव पडलं तो जुना घोडा गुरुवारी भेटेल.

बुधवार: मोठं घर

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. पायाभरणी १९०५ ची, इमारत १९१४ च्या सुमारास उभी राहिली. पण पहिल्या महायुद्धात तिथं लष्करी दवाखाना होता, त्यामुळे संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ ला. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. आत शिरल्यावर तिकिटाच्या गडबडीत लोक वर बघायचं विसरतात. मधल्या दालनात थांबा. वरच्या कमानींची गुंफण विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीची आहे, आणि खालची लाकडी कमानी-खांबांची रांग नाशिकच्या एका वाड्यातून आणलेली आहे. आपल्या बेळगावच्या शहापुरातला एखादा जुना वाडा आतून पाहिलेला असेल तर ते लाकूड लगेच ओळखीचं वाटतं.

सकाळी उघडायच्या वेळी, सव्वादहाला दारात असा. शाळांच्या सहली थोड्या वेळाने येतात. मोठी पिशवी जमा करावी लागते, आणि फोटो काढायचे असतील तर त्याचं वेगळं तिकीट असतं. आम्ही पहिल्या दिवशी ते घेतच नाही. ऑडिओ गाईड दोघांत एकच घ्या. दोघांच्या कानात दोन आवाज असले की एकमेकांशी बोलणं बंद होतं.

तळमजल्यावर शिल्पांचं दालन. इथं तुमचा पूर्ण सकाळचा वेळ जाऊ द्या. आपल्या भागातल्या माणसाने इथं एक गोष्ट शोधायचीच: ऐहोळेच्या देवळाच्या छतातून आलेल्या सातव्या शतकातल्या शिळा. बदामीच्या चालुक्यांचं काम. ऐहोळे मुंबईत कसं, असं वाटेल. पण १९५६ पर्यंत विजापूर, धारवाड, बेळगाव, कारवार हे जिल्हे मुंबईकडेच होते. त्या काळी या भागातलं चांगलं काही सापडलं की ते मुंबईला जायचं, जसा आपला अर्ज आणि आपला खटलाही मुंबईला जायचा. सीमावादावर आपण घरोघरी बोलतो, आणि इथं त्याच इतिहासाचा एक दगड पाटी लावून उभा आहे. त्याच्यासमोर माझा आवाज जरा खाली आला, हे कबूल करते.

त्यातली ब्रह्मदेवाची शिळा जवळून बघा. भोवती ऋषी आहेत. ही शिळा मुळात डोक्यावर होती, म्हणजे भाविकाला मान मागे टाकून, अंधारात, खालून दिसायची. आता ती आपल्या डोळ्यांसमोर उभी केली आहे, दिव्याच्या उजेडात. एवढ्या उंचीवर कुणाला काय दिसणार, असं म्हणून शिल्पकाराने काम ढिलं सोडलंय का ते तपासा. मी तपासलं. बोटं, दागिने, चेहऱ्यांचे वेगवेगळे भाव, काहीही सोडलेलं नाही. कमल बस्तीत वीस मिनिटं मान वर करून उभे राहिला असाल तर याची किंमत मानेला कळते.

जेवण करून वरच्या मजल्यांवर जा, पण आता दोघांनी वेगळं व्हा. हे हत्यारांकडे गेले. तिथं अकबराचं चिलखत आहे, आणि ते बघून आल्यावर पुढचा तासभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. मी लघुचित्रांत रमले. प्राचीन इराकातल्या अश्शूरी राजवाड्यातले कोरीव दगडही इथं आहेत, तेही चुकवू नका. ठरवून साडेचारला खाली बाकावर भेटायचं, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला एकच वस्तू दाखवायला न्यायची. दोघांना मिळून सगळं दाखवायच्या भानगडीत पडू नका, उरलेल्यासाठी सोमवार राखलेला आहे.

गुरुवार आणि शुक्रवार: हत्तीच्या मागे

भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरून राणीच्या बागेकडे चालत जाता येतं. मुंबईची लोकल सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उत्तरेकडे भरून वाहते. तुम्ही फोर्टात उतरला असाल तर दोन्ही वेळा तुम्ही उलट्या दिशेला असता. हाही खोली तिथं घेण्याचा फायदा.

भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, मुंबईतलं सर्वांत जुनं. भाऊ दाजी मूळचे गोव्याकडचे डॉक्टर, प्राच्यविद्येचे अभ्यासक. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. आतला हिरवा-सोनेरी दिवाणखाना बघून ह्यांनी आधी चपलाच काढायला घेतल्या होत्या. पण खरी मजा लहान वस्तूंत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतली माणसं, त्यांचे धंदे, त्यांचे पोशाख मातीच्या छोट्या पुतळ्यांत करून ठेवलेत. पगड्यांच्या कपाटासमोर आम्ही पाऊण तास होतो. कुठली पगडी कुणाची ते पाटी झाकून ओळखायचं, हरेल त्याने चहा पाजायचा. मी चार चहा जिंकले.

बाहेर अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावरचा हा हत्ती. पोर्तुगिजांनी बेटाला 'एलेफंटा' म्हटलं ते याच्यामुळे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो कोसळून फुटला, आणि तुकडे मुंबईतच राहिले. पुढे ते जोडून हत्ती उभा केला. सांधे नीट बघितले तर दिसतात. बागेतच तो जुना काळा घोडा आहे, वर सातवा एडवर्ड राजा बसलेला. १९६५ मध्ये फोर्टातून हलवलेला. मंगळवारी बघितलेल्या रिकाम्या पाठीच्या घोड्याशी मनातल्या मनात जुळवून बघा.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हत्तीच्या गावी. गेटवेहून लाँच, साधारण तासाभराचा प्रवास. सकाळची पहिली-दुसरी लाँच धरा. धक्क्यावर उतरलं की लांब पूल, मग बाजारातून वर जाणाऱ्या पायऱ्या. माकडं हातातलं खाणं पळवतात, पिशवीची चेन लावून घ्या. मुख्य लेणं सहाव्या शतकातलं. तीन मुखांचा सदाशिव सुमारे वीस फूट उंच आहे, पण लगेच जवळ जाऊ नका. दारातून आत आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत खांबापाशी थांबलात तर तो हळूहळू उजेडात येतो. समूहाने आलेले लोक चार मिनिटांत सेल्फी काढून जातात, मग तुम्हाला दहा मिनिटं शांतता मिळते. पुन्हा लोंढा येतो. असे दोन लोंढे सोडून द्या. संध्याकाळी मात्र काही नको. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने माणूस पार उतरतो.

शनिवार, रविवार

शनिवार हलका ठेवा. सकाळी रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय. ह्यांच्यासाठी सण, मी अर्ध्या तासात बाहेर. दुपारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे पूर्वीचं सर कावसजी जहांगीर सभागृह. तिथली प्रदर्शनं बदलती असतात आणि दोन प्रदर्शनांच्या मध्ये दालनं बंदही असतात, तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. आधुनिक चित्रकला कळत नाही म्हणून बिचकू नका. मलाही फारशी कळत नाही, पण गोल जिन्याने वर चढत जाताना एक-दोन चित्रं तरी पाय धरतातच.

रविवारी फोर्टातली कचेऱ्यांची वर्दळ थांबते. सकाळी सात वाजता सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंत मधल्या रस्त्याने चाला आणि इमारतींची डोकी बघत जा. मग मणिभवन. ग्रँट रोड स्थानकाहून जवळ, गावदेवीत, लॅबर्नम रस्त्यावर. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम इथं असे. म्हणजे बेळगावच्या अधिवेशनाच्या काळातही त्यांचं मुंबईतलं घर हेच. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली जपली आहे, आणि बाहुल्यांच्या देखाव्यांतून त्यांचं आयुष्य मांडलं आहे. वीरसौधमधले फोटो डोळ्यांत ताजे असतील तर बेळगाव कुठं सापडतं का ते शोधा. नवऱ्याशी पैज लावायला हा विषय चांगला आहे. नंतर गिरगावात थालीपीठ आणि पीयूष, आणि मग आत्याकडे.

रोज रात्री झोपण्याआधी दोघांनी एका वहीत तीन-तीन ओळी लिहायच्या: काय बघितलं, कुठल्या मजल्यावर, का आवडलं. सहाशे फोटोंपेक्षा या ओळी उपयोगी पडतात. आमच्या वहीत ह्यांनी घारापुरीच्या दिवशी फक्त 'गुडघे' असं लिहिलंय.

सोमवार

सकाळी खोली सोडा, बॅगा लॉजवरच ठेवायची सोय विचारून घ्या. आणि पुन्हा वस्तुसंग्रहालयात. आज फोटोचं तिकीट घ्या, कारण आज तुम्हाला माहीत आहे काय टिपायचंय. बुधवारी वहीत लिहिलेल्या वस्तू तेवढ्याच बघायच्या, नवीन काही शोधायचं नाही. दुकानातून एक पुस्तक आणि आठ-दहा पोस्टकार्डं घ्या. काकूंना दाखवायला बरी पडतात.

जायच्या आधी शेवटची पंधरा मिनिटं आम्ही दोघं ऐहोळेच्या त्या ब्रह्मदेवासमोर होतो. आजूबाजूला गर्दी नव्हती. ह्यांनी मान मागे टाकून, वर छताकडे बघतोय असं करून पाहिलं. रखवालदार बघत होता, पण काही बोलला नाही.

रात्री दादरला हुबळीची गाडी पकडली. ह्यांना वरचा बर्थ मिळाला. दिवे मालवल्यावर थोड्या वेळाने वरून आवाज आला, "अगं, ह्या छतावर कायच कोरलेलं नाही बघ."